पुढची अर्धी मोटार

आमच्या घरी अर्धी मोटार होती.

अर्धी म्हणजे मोडकी नव्हे हो! मोटार चांगली अखंड होती. बारा हात लांब, थेट फ्रान्स देशातून आलेली. फक्त तिची पुढची अर्धी आमची होती आणि मागची अर्धी शेजारच्या सोमाकाकांची.

वैनगंगेपलीकडच्या जंगलातल्या एका जमीनदारानं ती शिकारीसाठी मागवून घेतली होती. मागं लाल कातड्याची गादी, खिडक्यांना मखमली पडदे आणि फुलं खोचायला काचेचं नळकांडं. (तिला बघून वाघ आंध्रात पळून गेला असं सांगत. वाघाला विचारायला कोणी गेलं नाही.) पन्नास सालानंतर जमीनदाऱ्या गेल्या तशी मोटारही विकायला निघाली. एकट्या बाबांना ती झेपत नव्हती, एकट्या सोमाकाकांनाही झेपत नव्हती. पण आमच्या सावली गावाकडं एक पद्धत होती. दोन शेजाऱ्यांकडं एकेक बैल असला की दोघं मिळून जोडी जुंपायची. आज तुझं शेत, उद्या माझं. तिला सावड म्हणत. आमचा पाखऱ्या आणि सोमाकाकांचा ढवळ्या अशी जोडी सात वर्षं बिनबोभाट चालली होती.

"बैलात जमते, तं मोटारीत काऊन नाई जमन?" बाबा म्हणाले.

"पन वाटनी कशी?" सोमाकाका.

"सोपी हाये. पुढची अर्धी माही, मागची तुमची."

"तुम्ही काऊन पुढं?"

"मंग गादीवर कोन बसन, सोमाभाऊ?"

सोमाकाकांनी गादीवर एकदा बूड टेकवून पाहिलं आणि सौदा पक्का झाला.

कुंपणाचे चार बांबू काढून मोटार त्या फटीत उभी केली. तोंड आमच्या अंगणात, बूड त्यांच्या अंगणात. बाबा रोज आपली अर्धी पुसत, सोमाकाका त्यांची. मधल्या दाराच्या कडीवरून मात्र दोन महिने वाद चालला. पुढं काकूंनी मागच्या गादीवर अंड्यांवर कोंबडी बसवली. आई काही बोलायला गेली तर काकू म्हणाल्या, "आमच्या अर्ध्यात बसून राह्यली न बाई? तुमच्या अर्ध्यात तं नाई आली?"

मी जमीनदाराच्या ड्रायव्हरकडं आठ दिवस राहून गाडी शिकलो. पूर्ण गावात मोटार चालवणारा मी एकटाच! याचा मला जो माज चढला, त्यातून पुढचं सगळं घडलं.

तोवर तीन मुलींनी मला पाहिलं होतं आणि पाहिल्यावरच नको म्हटलं होतं. चौथी गिरजा, नदीपल्याडच्या गावची. मी तिला बघायला गेलो तेव्हा घाबरून माझ्या हातातला पोह्यांचा बशीभर ऐवज धोतरावर सांडला, आणि ती तोंडावर पदर धरून हसली. पण आत पळून गेली नाही. मला ती फार आवडली, सरळ सांगतो. मग तिचे मामा आमचं घर पाहायला आले. अंगणात कुंपणातून डोकावणारं ते लांबलचक चकचकीत तोंड बघून त्यांचे डोळेच फाटले.

"गाडी कोनाची?"

"आमचीच!" मी म्हणालो.

"मागून केवढी हाये?"

"पुढून हाये तेवढीच. पूरीच्या पूरी आमची!"

बाबा खोकले. मामांनी तिथल्या तिथं सुपारी फोडली, आणि गावात जाऊन सांगितलं की नवरदेव स्वतःच्या फ्रेंच मोटारीत येणार.

लग्न वैशाखात. वैनगंगेला गुडघाभर पाणी, बाकी सगळी वाळू. वाळूवर बांबूच्या तट्ट्या अंथरून मोटार न्यायचं ठरलं. ड्रायव्हर दुसरा कोणी नसल्यामुळं नवरदेवच गाडी चालवणार! डोक्याला बाशिंग, डोळ्यांपुढं फुलांच्या माळा, त्यातून रस्ता दिसला तर दिसला. शेजारी बाबा. मागं गादीवर सोमाकाका, आणि त्यांच्या बाजूला कोंबडी. (अंडी फुटायला दोनच दिवस होते, काकू तिला उठवू देईनात.) आमच्या मागून पाखऱ्या-ढवळ्याची बैलबंडी आहेराची भांडी घेऊन येत होती. आईनं हौसेनं पाखऱ्यालाही पोळ्याचं उरलेलं बाशिंग बांधलं होतं.

पाणी ओलांडलं. समोर काठ, काठावर मांडव, सनईसुद्धा ऐकू येत होती. आणि मोटार दोनदा खोकून थांबली.

"का झालं?" बाबा.

मी टाकीत काडी घालून पाहिली. काडी कोरडी ठण्ण.

"पेट्रोल भरलं नाई का?" मी विचारलं.

"म्या काऊन भरू? टाकी मांगं हाये! सोमाभाऊच्या अर्ध्यात!"

"अन पेते कोन?" मागून सोमाकाका गरजले. "इंजिन पेते! इंजिन कोनाचं?"

दोघंही चार दिवसांपासून एकमेकांच्या भरवशावर निवांत होते. मी स्टिअरिंगवर कपाळ आपटलं, तर बाशिंग वाकडं झालं.

शेवटी बंडी सोडून बैल मोटारीला जुंपायचं ठरलं. जू बांधलं, दोर ताणला, तेवढ्यात काठावरून मामा धावत आले.

"चला, चला! मुहूर्ताले घटकाभर राह्यली! अन जावईबापू, पूरी गाडी आपली, मंग बैल काऊन लावून राह्यले?"

सोमाकाकांनी मखमली पडदा बाजूला केला.

"कोनाची पूरी गाडी?"

"जावईबापूची. त्यायनंच सांगतलं."

सोमाकाका खाली उतरले. त्यांनी ढवळ्याच्या मानेवरचं जू सोडलं. "ज्याची पूरी गाडी, त्यानं पूरे बैल आनावं!" म्हणून परत गादीवर जाऊन बसले.

वरातीच्या बाकीच्या बंड्या केव्हाच पुढं गेल्या होत्या आणि त्यांचे बैल चरायला सोडले होते. मी म्हटलं, "मामा, मी पायीच येतो."

"पायी?" मामांचा आवाज रडवेला झाला. "पूऱ्या गावाले सांगून बसलो न मी! मोटार नाई आली तं जावईबापू, माही भाची मांडवात नाई येनार. मीच नाई येऊ देनार!"

एका बाजूला माझी फुशारकी, दुसऱ्या बाजूला गिरजा. मी वाळूत उभा राहून बाशिंगासकट हात जोडले.

"मामा, मी खोटं बोललो. पुढची अर्धीच आमची. मागची सोमाकाकांची. काका, माफ करा. तुमच्या अर्ध्याशिवाय ही गाडी उभीसुद्धा राहत नाही."

मामांनी मोटारीकडं एकदा पुढून पाहिलं, एकदा मागून.

"अर्धी तं अर्धी," ते म्हणाले. "आमच्या गावात पाव मोटार कोनापाशी हाये? पन आता मांडवात घेऊन चाला बापा!"

सोमाकाकाही पाघळले. डोळे पुसत म्हणाले, "हे अगुदर सांगतलं असतं तं! जा, लाव माह्या ढवळ्याले!"

पण ढवळ्या होता कुठं? मोकळा सुटल्याबरोबर तो घरच्या वाटेला लागला होता. नदी ओलांडून आमच्या गावच्या काठावर शेपटी उडवत चाललेला आम्हाला नीट दिसत होता. आणि पाखऱ्या जोडीशिवाय पाऊल टाकत नसे. बाजूची जागा रिकामी दिसली की तो खुशाल खाली बसायचा.

"बाबा," मी म्हणालो, "जू माझ्या खांद्यावर ठेवा."

असा मी माझ्या लग्नाला निघालो. जुवाच्या एका बाजूला पाखऱ्या, दुसऱ्या बाजूला मी. स्टिअरिंग धरून बाबा, मागून रेटायला नदीत मासे धरणारे चार ढीवर आणि घामेघूम मामा. आत गादीवर सोमाकाका. ("मी उतरलो तं कोंबडी बुजन," म्हणाले.) पाखऱ्यानं माझ्याकडं एकदा वळून पाहिलं, ढवळ्या आज जरा वाळलेला दिसतो असं त्याला वाटलं असावं, आणि मुकाट्यानं ओढू लागला.

मांडवापुढं सगळा गाव जमला होता. सनईवाला वाजवायचा थांबला. गिरजा दारातून बघत होती, आणि तिनं परत तोंडावर पदर धरला होता. तिची म्हातारी आत्याबाई ओवाळायला ताट घेऊन पुढं आली. समोर दोन जण. दोघांना बाशिंग, दोघं घामाघूम, दोघांच्या तोंडाला फेस. तिनं दोघांना नीट निरखलं, आणि पाखऱ्याच्या कपाळाला कुंकू लावून त्याला ओवाळलं!

लग्न मुहूर्तावर लागलं. पाखऱ्याच्या मागोमाग मलाही ओवाळलं.

आत्याबाईंची नजर अधू होती, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आलो. गिरजा म्हणते, नजर चांगली होती, तिनं दोघांतला हुशार निवडला.