तेराव्याचे जोडे

मेलेल्या माणसांचे बूट घरात आणणारा आमच्या सोसायटीत मी एकटाच. मुलुंडच्या दोन खोल्यांच्या घरात माझ्याकडे असे सव्वीस जोड आहेत. सगळे पुरुषांचे, सगळे कातड्याचे, कोट-पँटीवर घालायचे, आणि बरेचसे माझ्या जन्माच्या आधीचे. काही मालाडच्या बाजारात जुन्या सामानाच्या ढिगातून उचललेले, काही कांजूरमार्गच्या भंगारवाल्याने माझ्यासाठी बाजूला काढून ठेवलेले, काही नातेवाइकांच्या माळ्यावरचे. बायको म्हणते, "पायातली वहाण पायातच बरी, तू तिला काचेच्या कपाटात बसवलीस." तिचं बरोबर आहे. पण माळ्यावर पडून दगड झालेला बूट ओल्या फडक्याने पुसावा, त्याला तेल पाजावं, दोन दिवस वाट बघावी आणि तिसऱ्या दिवशी त्या राखाडी पापुद्र्याखालून तांबूस कातडं हळूच वर यावं, हे ज्याने एकदा बघितलं त्याची त्यातून सुटका नाही. मला दर वेळी अंगावर काटा येतो. सत्ताविसाव्या वेळीही आला.

अंधेरीला एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी क्वालिटीला आहे. नगाला नग लावून बघायचा, फरक दिसला की लाल शिक्का मारायचा, हे माझं काम. जित्याची खोड, घरी आल्यावरही जात नाही. चपात्या सारख्या आकाराच्या नाहीत असं मी बायकोला एकदा बोललो होतो. एकदाच.

खालच्या मजल्यावरचे काका गेल्या मे महिन्यात वारले. वय झालं होतं, आजारपण फार नव्हतं. एका जहाज कंपनीत ते हेडक्लार्क होते आणि तिथे लागल्यावर त्यांनी फोर्टातल्या एका चिनी कारागिराकडे पायाचं माप देऊन तपकिरी रंगाचे लेसवाले बूट शिवून घेतले होते. लग्नाला, बँकेत, मतदानाला, सगळीकडे तेच. जिन्यात भेटले की मी आधी त्यांच्या पायांकडे बघायचो आणि मग तोंडाकडे. त्यांनाही ते माहीत होतं. "नजर लावू नकोस रे," असं हसून म्हणायचे. खोटं कशाला बोलू, ते गेले त्याच्या दुसऱ्याच दिवशी माझ्या मनात त्या बुटांचा विचार येऊन गेला. लाज वाटली, पण आला.

सहाव्या दिवशी कामावरून येताना खाली कचऱ्याच्या डब्याजवळ एक गाठोडं दिसलं. गादी, उशी, दोन जुने सदरे आणि पिशवीत ते बूट. गेलेल्या माणसाचं अंथरूण-पांघरूण असंच खाली ठेवतात, पुण्याहून आलेल्या त्यांच्या मुलाने तेच केलं होतं. मी इकडेतिकडे बघितलं आणि पिशवी उचलली. वर जाऊन काकूंना विचारायला हवं होतं. पण ज्या घरात माणूस जाऊन आठवडा झाला नाही तिथे बुटांचं काय विचारणार, अशी मी माझी समजूत घातली.

पुढचे चार दिवस मी गॅलरीत वर्तमानपत्र पसरून त्या बुटांपुढे बसलो होतो. वरची जुनी पॉलिश उतरवली. तळ झिजला होता म्हणून टाके कापून तो उघडला. आत तळव्याच्या पट्टीवर काकांच्या पायाचा ठसा होता, पाचही बोटं वेगळी मोजता येतील इतका स्वच्छ. कमानीला आधार म्हणून लोखंडाची पट्टी असते, इथे बांबूची कामटी तासून बसवली होती आणि इतक्या वर्षांनी ती वाकवून सोडली तर टणकन सरळ होत होती. ज्या जागी कोणाचंही बोट पोचणार नाही तिथेही त्या कारागिराने कड घासून गुळगुळीत केली होती. मी बायकोला हाक मारून दाखवलं. ती बघत राहिली आणि म्हणाली, "कोणी बघणार नव्हतं तरी?" मी म्हटलं, "नाही." मग तिने त्या कडेवरून स्वतः बोट फिरवून बघितलं.

आणि तिथेच मी माती खाल्ली. डाव्या बुटात, अंगठ्याच्या मुळाशी, बाहेरचं कातडं आणि अस्तर यांच्या मध्ये कातड्याची एक जाडसर गादी चिकटवलेली होती. उजव्यात तशी काही नव्हती. दोन नग सारखे नाहीत म्हणजे एकात खोट. पुढे कधीतरी कोणा अर्धवट माणसाने केलेली दुरुस्ती असणार, असं मी ठरवलं, गादी खरवडून काढली आणि तिचे तुकडे केरात टाकले. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तो बैल मीच.

दहाव्या दिवशी संध्याकाळी बेल वाजली. दारात काकू उभ्या होत्या. दहा दिवसांत पहिल्यांदाच त्या घराबाहेर पडल्या होत्या.

"आमचे बूट तुझ्याकडे आहेत का रे? घरात कुठे दिसत नाहीत."

तेराव्याला गुरुजींना छत्री, काठी आणि जोडे देतात. गेलेल्याची वाट तापलेल्या वाळूतून जाते, इथे दिलेलं त्याला तिथे कामी येतं, असं म्हणतात. मुलगा यादी घेऊन बाजारात गेला होता आणि रबरी चपलांचा नवा जोड घेऊन आला होता. काकूंनी तो बघितला मात्र, आणि त्यांचा जीव वरखाली व्हायला लागला.

"त्यांच्या उजव्या पायाचं हाड वाढलेलं," त्या म्हणाल्या. "अंगठ्याखाली, हे एवढं. त्या बुटांशिवाय त्यांना काही म्हणजे काही व्हायचं नाही. घरात अनवाणी आणि बाहेर ते बूट, जन्मभर असंच. आता त्या चपला ते तिकडे कशा घालणार, सांग तू मला. पाय भाजत जायचे का?"

मी कावळ्या-पिंडाला मानणारा माणूस नाही. पण त्या विचारत होत्या ते खरंच विचारत होत्या. मी म्हटलं, "आहेत ना काकू. जरा पॉलिश करत होतो. तेराव्याला सकाळी देतो." त्यांचा चेहरा सैलावला. त्या खाली गेल्या आणि मी गॅलरीत जाऊन बघितलं तर बुटांचे तळ एकीकडे, वरचं कातडं दुसरीकडे, बांबूच्या कामट्या तिसरीकडे. माझी वाट लागली होती.

अकराव्या दिवशी कामावर दांडी मारली आणि सगळं पिशवीत भरून घाटकोपरला मामांकडे गेलो. मामा म्हणजे स्टेशनबाहेर फूटपाथवर बसणारे मोची. मूळचे साताऱ्याकडचे, वय सत्तरीच्या पुढे. हाताने तळ शिवणारा त्यांच्यासारखा माणूस मला या बाजूला दुसरा मिळालेला नाही. माझं जे काही थोडंफार शिक्षण झालं ते त्यांच्या शेजारच्या लाकडी खोक्यावर बसून. त्यांनी डावा बूट हातात घेतला, आत दोन बोटं घातली आणि थांबले.

"हितली गादी कुठंय?"

"काढली. उजव्यात नव्हती, म्हणून."

"साहेब, तुम्ही क्वालिटीवाले ना?"

मामांनी दोन्ही बूट समोरासमोर धरले. उजव्या पायाचं हाड बाहेर आलेलं, म्हणून उजव्या बुटाला तिथे फुगवटा दिला होता. पण मग एक बूट फुगीर आणि एक सरळ, असं दिसलं असतं, आणि चारचौघांत लोकांची नजर तिथेच गेली असती. म्हणून त्या चिनी कारागिराने चांगल्या पायाच्या बुटालाही तेवढाच फुगवटा दिला, आणि आत रिकामं लागू नये म्हणून गादी भरली. बाहेरून दोन्ही सारखे. इतकी वर्षं मी काकांच्या पायांकडे बघत आलो आणि मला कधी काही दिसलं नव्हतं. ज्या गादीवर मी लाल शिक्का मारला तिनेच ते दोन नग सारखे केले होते.

"ही खोट न्हाई," मामा म्हणाले. "माणसाची लाज राखलीय."

मी तिथे फूटपाथवर बसून राहिलो. ज्याचं नाव मला माहीत नाही, जो कधीचा गेला असेल, त्या माणसाने एका तरुण कारकुनाचा पाय हातात घेऊन एवढा विचार केला होता, आणि त्याबद्दल एक शब्द कुठे लिहून ठेवला नव्हता. मला भरून आलं. मामांना ते दिसलं असणार, पण ते कातडं कापायच्या रापीला धार लावत राहिले.

"आता गादी किती जाड होती?" त्यांनी विचारलं. मला सांगता येईना. "मग शिवू कसा? कमी पडली तर कातडं आत बसंल, जास्त झाली तर पाय चावंल. ज्याचा हात या बुटात गेलाय त्यालाच माहीत."

असा एकच हात होता. दर रविवारी काकूच ते बूट पॉलिश करायच्या, एक हात आत घालून.

दुपारी मी त्यांच्या स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. बूट पॉलिशला घेतले नव्हते, कचऱ्यातून उचलले होते, उघडले होते, बिघडवले होते. त्या कणीक मळत होत्या. मळायच्या थांबल्या.

"तुला कोणी सांगितलं होतं रे उघडायला?"

"कोणी नाही."

"मग?"

मी डावा बूट पुढे केला. त्यांनी हात धुतले, पदराला पुसले आणि माझ्या हातातून डावा बूट घेतला. डोळे मिटून आत हात घातला. बोटं त्या जागेवर जाऊन फिरली, दाबून बघितली, परत फिरली. बूट मांडीवर ठेवून त्यांनी परातीतून कणकेचा लहानसा गोळा घेतला, प्लास्टिकच्या तुकड्यात गुंडाळला, आत सरकवला आणि दाबायला लागल्या. काढला, चिमूटभर कणीक कमी केली, पुन्हा घातला. असं चार-पाच वेळा झालं. शेवटी त्यांचा हात आत स्थिर राहिला आणि त्या तशाच बसून राहिल्या, बुटात हात घालून.

"हं," त्या म्हणाल्या. "एवढीच."

कणकेची ती वडी त्यांनी स्टीलच्या डब्यात घालून दिली. एका बाजूने जाड, दुसऱ्या बाजूने कागदासारखी निमुळती.

बाराव्या दिवशी सकाळपासून मी मामांच्या शेजारी होतो. त्यांनी वडी बघून कातडं तासलं, तळहातावर ठेवून पुन्हा तासलं. मग तळ शिवायला घेतला. नवीन भोकं पाडायची नाहीत, जुन्याच भोकांतून टाका गेला पाहिजे, नाहीतर कातडं फाटतं. मेण लावलेल्या दोऱ्याची दोन टोकं दोन्हीकडून, मध्ये आरी. त्यांची नजर आता अधू आहे, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. पण ते बघतच नव्हते. रस्त्याकडे तोंड करून बोटाने भोक चाचपत होते आणि आरी नेमकी तिथे जात होती, टाक्यामागून टाका, एकही भोक न चुकता. माझ्याकडे कारखान्यात मापं घ्यायला लाखोंची यंत्रं आहेत. त्या दिवशी मी हात जोडले नाहीत एवढंच. बूट झाले तेव्हा मामांनी दोन्हींच्या आत हात घालून बघितला आणि म्हणाले, "न्या. तेराव्याचं हाय, माझं काय घेत न्हाई."

तेराव्याला बूट दाराबाहेर ठेवले होते, कातड्याचे म्हणून. सगळं उरकल्यावर गुरुजी दारात आले. तिशीचे असतील, धोतर-उपरण्यात, हातात स्कूटरची किल्ली. बूट बघून ते अडखळले.

"काकू, वापरलेलं दानात चालत नाही हो. आणि हे असले तर मी..."

"नवीन त्यांना होत नाही."

"नवीन जोड आहे ना, तो घेतो मी. पुरे होतं तेवढं."

"गुरुजी, तुम्ही नंतर ते कोणालाही द्या," काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. "पण इथून कोणीतरी ते घालून उन्हात चार पावलं चालायला हवं. नाहीतर ते पोचायचे कसे?"

मुलगा म्हणाला, "आई, राहू दे ना आता." काकूंनी त्याच्याकडे बघितलं नाही. गुरुजी एकदा काकूंकडे आणि एकदा बुटांकडे बघत होते. मग त्यांनी आपल्या चपला काढल्या, धोतर सावरून पायरीवर बसले आणि बूट चढवले. लेस मी बांधली. ते उठून उभे राहिले, पाय आपटून बघितले.

"उजव्यात जरा जागा राहतेय," ते म्हणाले.

"ती त्यांची आहे," काकू म्हणाल्या. "राहू दे."

गुरुजी जिना उतरले. आम्ही गॅलरीत गेलो. बारा वाजून गेले होते आणि खाली डांबर नुसतं तापलं होतं. स्कूटर गेटजवळच उभी होती. त्यांनी तिच्याकडे बघितलं, वर आमच्याकडे बघितलं, किल्ली कनवटीला खोचली आणि पायी निघाले. धोतर, उपरणं आणि तपकिरी बूट, टाचांचा आवाज दुसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू येत होता. वाणसामानाच्या दुकानावरून, शाळेच्या भिंतीवरून ते पार नाक्यापर्यंत गेले आणि वळले. मला रडू आवरेना. काकूंच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. त्या कठड्याला धरून कान देऊन उभ्या होत्या, आवाज येईनासा झाल्यावरही.

"पाय ओढत नव्हते ना?" त्यांनी मला विचारलं.

"नाही काकू. नीट चालले."

"मग ठीक आहे," त्या म्हणाल्या आणि पानं वाढायला आत गेल्या.