भाऊसाहेबांचं सर्कल

जिंकणाऱ्या पक्षाकडे किस्से नसतात. त्यांच्याकडे कामं असतात, कंत्राटदार असतात, दारात गाड्या असतात. किस्से साचतात ते हरणाऱ्या पक्षाच्या ऑफिसात, कारण तिथे खुर्च्या भरपूर, माणसं कमी आणि वेळ तर विचारूच नका! आमच्या पक्षाचं अमरावतीचं जिल्हा कार्यालय बी-बियाण्यांच्या एका दुकानाच्या वर आहे. मी तिथला सचिव. म्हणजे कुलूप उघडणारा, पंखा लावणारा आणि वरून फोन आला की "तयारी जोरात आहे साहेब" असं सांगणारा.

एकेकाळी जिल्ह्यात आमचा शब्द चालायचा. आता मुख्यालयाचा निरोप आलाय, की यंदाच्या झेडपीत एक तरी सर्कल काढा, नाहीतर ऑफिस बंद करा. झेडपीच्या मतदारसंघाला आमच्याकडे सर्कलच म्हणतात, आणि ते जिंकणं म्हणजे काढणं. आणि निघण्यासारखं सर्कल एकच, नांदगाव खंडेश्वरकडचं, आमच्या जिल्हाध्यक्षांचं. भाऊसाहेबांनी सगळं आयुष्य या पक्षात घातलं. या वयात ते स्वतः पुन्हा उभे राहिलेत, ते ऑफिस वाचावं म्हणून. त्यामुळे मी हसत सांगत असलो, तरी ऑफिसची किल्ली रोज खिशात चाचपून बघतो.

*

आमच्या जिन्यावर पाऊल वाजलं की भाऊसाहेब आणि मी, दोघंही सावरून बसतो. कोणी पक्षात यायला आलं असेल, अशी आशा काही सुटत नाही.

मागे एक जण आला. धोतर, टोपी, हातात पिशवी. भाऊसाहेब उठून उभे राहिले. "या काकाजी, या!" खुर्ची दिली, पाणी दिलं, चहा सांगितला. काकाजी काही बोलायच्या आत मी गळ्यात पक्षाचा दुपट्टा घातला आणि फोटो काढला. 'ज्येष्ठ शेतकऱ्याचा जाहीर पक्षप्रवेश' म्हणून तो पक्षाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेलासुद्धा. अकोल्याहून अंगठे आले!

चहा संपल्यावर काकाजींनी इकडेतिकडे पाहिलं.

"चा चांगला होता, बाप्पा. पन सोयाबीनची बॅग कोठी भेटते?"

भाऊसाहेबांनी खाली बोट दाखवलं. काकाजी उठले. दुपट्टा काढायला गेले, तर भाऊसाहेब घाईने म्हणाले, "राहू द्या, राहू द्या."

"हो, राहू द्या," काकाजी म्हणाले, "ऊन लय हाय. कानाले बांधाले होते."

*

अकोल्याचा किस्सा याहून वाईट. अमरावती आणि अकोला, दोन्ही जिल्ह्यांचा संयुक्त मेळावा अकोल्यात ठरला. हॉल मोठा घेतला. आम्ही एका जीपमध्ये मावलो, पण मनात म्हटलं, मेळावा अकोल्यात, गर्दी अकोलेकरच करणार.

हॉलच्या दारात अकोल्याचे अध्यक्ष हार घेऊन उभे. आमच्या जीपच्या मागे रस्त्यावर दूरवर बघत होते.

"बाकीच्या गाड्या मांगून येऊन राहिल्या काय?"

"कोनत्या गाड्या? तुमची लोकं आत असतीन ना?"

दोघे अध्यक्ष एकमेकांकडे बघत राहिले. शेवटी हार त्यांनी आमच्या भाऊसाहेबांना घातला आणि आत नेलं. आत माईकवाला होता.

पण मेळावा झाला! भाऊसाहेब अख्खं भाषण बोलले, एक मुद्दा गाळला नाही. आमच्या सोशल मीडिया सेलने सगळ्यांना उठवून आधी पुढे बसवलं, मग मधे, मग मागे, आणि प्रत्येक वेळी फोटो काढले. ते एकत्र जोडले तर हॉल गच्च दिसला. मला बरं वाटलं. संध्याकाळी विरोधकांच्या एका पोराने तोच फोटो टाकला आणि खाली लिहिलं, "महिला आघाडीच्या अध्यक्षाताई स्टेजवर बी हायेत, पयल्या रांगेत बी हायेत आन् दारापाशी बी. ताईंची तब्येत बरी हाय ना?"

ताईंनी दोन दिवस फोन उचलला नाही.

*

मग भाऊसाहेबांच्या डोक्यातून आयडिया निघाली. सभेला लोक येत नाहीत, तर आपण लोकांत जायचं. अमरावती ते परतवाडा काळीपिवळी जीपमध्ये माणूस माणसाला चिकटून बसलेला असतो, उठून जाणार कुठे? दोघांनी चढायचं, ओळख नसल्यासारखं बसायचं आणि मोठ्याने बोलायचं, की यंदा हवा बदलली.

मी आणि आमचा शहराध्यक्ष गजानन निघालो. वलगाव गेल्यावर मी सुरू केलं. "काय म्हन्ते भाऊ, इलेक्शनचं?"

"यंदा जुना पक्षच येऊन राहिला ना!" गजानन म्हणाला.

कोणी मान वर केली नाही. एक बाई खिडकीबाहेर बघत होती, एक जण झोपला होता. आणि एवढ्यात मागच्या सीटवरून खणखणीत आवाज आला, "शंभर टक्के! आमच्या अचलपुरात त पोट्टे पोट्टे हेच बोलून राहिले!"

माझ्या अंगावर काटा आला. अनोळखी माणूस, आपल्या पक्षाबद्दल, स्वतःहून! गजाननच्या तर डोळ्यांत पाणी. परतवाड्यापर्यंत तो माणूस बोलत होता आणि आम्ही त्याला दुजोरा देत होतो. उतरल्यावर मी त्याचा हात धरला. "भाऊ, तुमच्यासारखी मान्सं पक्षाले पायजेत. तुमी करता काय?"

त्याने जरा बाजूला नेलं आणि हळूच म्हणाला, "मी अचलपूरचा नवा तालुकाध्यक्ष. भाऊसाहेबांनं मले या जीपमंदी बसाले सांगतलं होतं. तुमी कोन?"

*

आमच्याकडे माणूस गेला की स्मशानातच शोकसभा होते. चिता पेटल्यावर चार लोक बोलतात. खरं सांगायचं तर आमच्या पक्षाला आता गर्दी दिसते ती तिथेच. भाऊसाहेब एकही मयत चुकवत नाहीत, आणि ते मतांसाठी नाही. त्यांना खरंच वाईट वाटतं.

असंच एक जुने कार्यकर्ते गेले. माणसं खूप जमली. सूत्रसंचालन गजाननकडे. इतकी माणसं समोर बघून बिचाऱ्याचा तोल गेला, आणि शेवटी तो म्हणाला, "आपण प्रचंड संख्येने उपस्थित राहिलात, त्याबद्दल पक्षातर्फे आभार!"

मयताच्या मुलाने असं पाहिलं, की मी गजाननला ओढत गाडीत कोंबलं.

परतताना भाऊसाहेब म्हणाले, "आपलं एक पक्कं मत गेलं रे." मग स्वतःच चपापले. "हे काय बोलून राहिलो मी? लहानपनापासून वळखत होतो त्याले." खिडकीकडे तोंड फिरवलं. मला फार वाईट वाटलं. हरण्याची भीती माणसाकडून काय काय बोलवून घेते!

*

आणि परवाचा हा किस्सा. भाऊसाहेबांचं सर्कल निघतं की नाही, हे बघायला पुण्याहून निरीक्षक आले. हातात टॅब. घराचं मत पक्कं असेल तर हिरवं बटण, गेलं असेल तर लाल. गाडी मी चालवत होतो.

पहिल्याच घरी म्हातारी भाऊसाहेबांच्या अंगावर आली. "काऊन रे मुडद्या, आता तोंड दाखवून राहिला? लाज नाई वाटत? निंग इथून!" निरीक्षक घाबरून गाडीत येऊन बसले आणि लाल दाबलं. भाऊसाहेब मात्र खुशीत. पुढच्या घरी "या साहेब, बसा साहेब" झालं, चहा झाला. निरीक्षकांनी हिरवं दाबलं, आणि भाऊसाहेबांचा चेहरा पडलेला.

"तुमी उलटं दाबून राहिले, साहेब," ते गाडीत म्हणाले. "आमच्याकडे ज्याच्यावर हक्क असते, त्यालेच लोकं शिव्या देतेत. ज्याले मत द्याचं नाई, त्याले मान देतेत."

निरीक्षक हसले. त्यांना ती गंमत वाटली.

"आता म्हाद्याकडे चला," भाऊसाहेब म्हणाले. महादेवराव त्यांचे शाळेपासूनचे दोस्त, गावातलं मोठं घर. त्यांच्या शब्दावर अर्धं गाव मत देतं. भाऊसाहेब दिसले की ओसरीवरूनच ओरडणार, "आला काबे भिकाऱ्या!" आणि मग अशा काही शिव्या, की बायका आत पळतात. भाऊसाहेबांनी आरशात बघून केस सारखे केले. "कानात बोटं घालून ठेवा, साहेब. आता ऐकजा!"

गाडी थांबली. महादेवराव ओसरीवरच होते. आम्हाला बघून उठले आणि पायऱ्या उतरून खाली आले. दोन्ही हात जोडले.

"या भाऊसाहेब. नमस्कार. बसा ना."

खुर्ची पुढे ओढून त्यांनी ती खांद्यावरच्या दुपट्ट्याने पुसली. आत आवाज दिला, "अवं, साहेबांसाठी चा ठेव. नव्या कपातनी दे."

भाऊसाहेब बसले. हसायचा प्रयत्न केला. "काबे म्हाद्या, मागच्या खेपीले निवडून आलो नाई, त तुह्याकडे ढुंकून पायलं नाई म्या."

"नाई, नाई. तुमाले कामं असतेत भाऊसाहेब."

"तुह्या पोरीच्या लग्नाले बी उशिरा आलो होतो."

"आले ना पन तुमी. मोठी गोष्ट हाय."

चहा झाला. वहिनींनी ताटात शेला आणि नारळ आणला. महादेवरावांनी शेला भाऊसाहेबांच्या खांद्यावर घातला, नारळ हातात दिला आणि वाकून नमस्कार केला. निरीक्षक भारावले होते. "इतका मान मी कुठल्याच घरी पाहिला नाही!" असं माझ्या कानात म्हणून त्यांनी हिरवं बटण दाबलं.

आम्ही फाटकापर्यंत आलो. भाऊसाहेब थांबले. नारळ हातात तसाच धरून मागे वळले.

"म्हाद्या, एक शिवी तरी दे ना बे."

महादेवरावांनी मान खाली घातली.

"उनाचं जपून जाजा, भाऊसाहेब."