सरांचा ठेका

तबला मी चाळिशीत शिकायला घेतला, तेव्हा आचोळ्यातल्या आमच्या बिल्डिंगमधल्या बायका तोंड दाबून हसल्या होत्या. हसेनात का! मनवेलपाड्याच्या चाळीत माझे सर राहायचे, रेल्वेतून रिटायर झालेले. दर बुधवारी संध्याकाळी त्यांच्यासमोर बसलं की सासर, ऑफिस, सगळं विसरायला व्हायचं. चुकलं तर ते ओरडत नसत. नुसतं "हं" म्हणायचे, आणि त्या "हं"ला मी जाम घाबरायचे.

पुढे माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि शिकवणी मोबाइलवर आली. दोघांकडे एकाच केबलवाल्याचं इंटरनेट. त्याची वायर पाण्याच्या टाक्यांना बांधत गच्च्यांवरून गेलेली. तिच्यावर कावळा बसला तरी मला धास्ती. पण सरांचा ठेका यायचा कसा, खणखणीत! ते तीनताल धरायचे, मी ऐकून त्यावर वाजवायचे. ते बुधवार आठवले की अजून बोटं शिवशिवतात.

मग सरांच्या मुलीने त्यांना मोठ्या कंपनीचं कनेक्शन घेऊन दिलं, आणि ठेका डगमगायला लागला. धा लवकर, धिं उशिरा, मधेच दोन मात्रा गायब. माझं इंटरनेट तर मस्त चालायचं, सिनेमे कुठे अडकत नव्हते. सरांच्या कंपनीला फोन केला, तर "स्पीड पूर्ण येतोय, मॅडम." मग राहिलं काय? सरांचं वय. एका बुधवारी माझं डोकं फिरलं आणि मी बोलून बसले, "सर, लय सुटतेय तुमची."

पुढच्या बुधवारी काकूंचा, म्हणजे सरांच्या बायकोचा फोन आला, सर आता शिकवणी बंद करतायत. वाईट वाटलं. पण खरं सांगू? थोडं सुटल्यासारखंही वाटलं. आपल्या गुरूच्या चुका ऐकवत नाहीत.

चार महिन्यांनी केबलवाला घरी बॉक्स बदलायला आला. बोलता बोलता मी त्याला हे सांगितलं, तर त्याने कपाळावर हात मारला. "ताई, सरांची कसली लय सुटते! त्यांच्या कंपनीचं नेटवर्क आणि आमचं जिथे जोडलंय ना, तो रस्ताच अरुंद आहे. संध्याकाळी तिथे तुंबतं, आवाज मागेपुढे होतो. किती वेळा सांगितलं, रुंद करा. ते कशाला करतील? आमचं गिऱ्हाईक वैतागून त्यांच्याकडे गेलं की झालं! तुमचे सिनेमे दुसऱ्या वाटेने येतात, म्हणून तुम्हाला पत्ता लागला नाही."

होते त्या कपड्यांवर मी रिक्षात बसले.

सर दारात खुर्ची टाकून बसले होते. पाया पडले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग आत बघून हाक मारली, "अगं, ऐकलंस का? इंटरनेटचा घोळ होता म्हणे. लय गेली नव्हती माझी."

काकू डोळे पुसतच बाहेर आल्या. माझी तर मान वर होईना, लाज वाटत होती स्वतःची.

"रडू नकोस," सर मला म्हणाले. "मलाही वाटलं, वय झालं, असेल तसं. चार महिने मी या खुर्चीच्या हातावरसुद्धा बोट वाजवलं नाही गं. भीती वाटायची."