पऱ्हाटीचा पेन

एप्रिलच्या उन्हात जुन्या लुगड्यावर वाळत घातलेल्या कुरड्यांच्या पांढऱ्या रांगा... आणि त्यांच्या मधोमध, सायकलच्या तारेत ओवून उभा केलेला, मधासारखा चमकणारा एक पेन. बालपण म्हटलं की मला आधी हेच दिसतं. भोवती कडुनिंबाच्या मोहोराचा दरवळ, गव्हाच्या चिकाचा आंबूस वास, आणि त्या सगळ्यांतून वाट काढत नाकात शिरणारा गोंदाचा झणझणीत दर्प.

नेरजवळच्या आमच्या वस्तीत बाबांचा खराद, म्हणजे लाकूड कातायचं यंत्र, होता. लाटणी, पाळण्याचे खुंट, दिवाणाचे पाय त्यावर फिरता फिरता गोल होत जात, आणि भुशाचा सुगंध संध्याकाळपर्यंत बाबांच्या केसांत रेंगाळे. माय लोकांच्या शेतात कापूस वेचायला जाई. हंगाम सरला की कपाशीची वाळकी झाडं, म्हणजे पऱ्हाटी, उपटून भारा डोक्यावर घेऊन येई. पऱ्हाटीचा जन्म चुलीसाठीच, असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो. माय सोडून.

जयंतीला आमच्या विहारात हारफुलांऐवजी वही-पेन ठेवायची पद्धत. पुढे ते वस्तीतल्या मुलांना वाटत. माय शाळेची पायरी चढलेली नव्हती, पण दुकानात पेन निवडताना दुकानदाराला घाम फोडी. त्या वर्षी मात्र ती दुकानात गेलीच नाही. भाऱ्यातलं एक जाड बुडखं घेऊन ती बाबांसमोर उभी राहिली.

"याचा पेन करून द्या. काचेवानी चमकला पाह्यजे."

"पऱ्हाटीचा? येडी झाली काय वं? हे चुलीत घालाचं लाकूड हाय."

"म्हून तं पाह्यजे," माय म्हणाली.

बाबा कुरकुरले; पण मायसमोर त्यांचं कधी काही चाललं नाही. बुडखं खरादावर चढलं, गोल झालं, पोटात रिफिलपुरतं भोक पडलं... आणि खरी परीक्षा पुढेच होती. सागवानाला दोन हात दिले की ते चमकतं; पऱ्हाटी जन्माची तहानलेली. नळीतल्या पातळ, झटकन धरणाऱ्या रासायनिक गोंदाचा थेंब टाकावा, तो डोळ्यांदेखत जिरून जाई आणि लाकूड पुन्हा कोरडं, मातकट. मायने मदतीला कापसाचा बोळा पुढे केला. आमच्याकडे काहीही पुसायला हाताशी कापूसच असतो ना! गोंद लागताच कापूस तापून बोळ्यातून भसकन धूर निघाला, बाबांचं बोट पोळलं आणि मी खुदकन हसल्याबद्दल धपाटा खाल्ला. मग बाबांनी प्लास्टिकच्या पिशवीचा तुकडा घेतला. हातावर हात, मध्ये ओला पॉलिश पेपर, पुन्हा गोंद... कितीतरी दुपारी त्यातच विरघळल्या. आणि एका दुपारी त्या तहानलेल्या लाकडाची तहान भागली. पेनाच्या अंगावर आमच्या अंगणातलं अख्खं आभाळ उतरलं.

शेवटचा हात देऊन बाबा जेवायला बसले. मायला कुठला धीर! तिने पेन उचलून कुरड्यांमध्ये, कडक उन्हात नेऊन उभा केला. उन्हात सगळं लवकर वाळतं, हे तिचं आयुष्यभराचं शास्त्र. हा गोंद मात्र उलट्या काळजाचा. त्याला हवेत जराशी ओल लागते, आमच्या त्या कोरड्या झळांत तो वरून वाळल्यासारखा दिसून आत ओलाच राहतो. हे तेव्हा कोणाला ठाऊक?

"वाळला का जी?" ती दारातून विचारी. बाबा घास गिळून म्हणत, "थांब वं जराशी." शेवटी कुरडई वाळली का पाहतात तसा तिने पेनावर अंगठा दाबून पाहिला.

अंगठा सुटला तेव्हा त्या आरशासारख्या अंगावर तिच्या अंगठ्याच्या रेघा स्वच्छ उमटल्या होत्या.

माय मटकन खाली बसली. "बँकेत अंगठा, रेशनात अंगठा... अन् आता पेनावरबी अंगठाच उठला माह्या." ती हसायला गेली, पण रडली. तिला तसं रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. मला फार भीती वाटली.

बाबांनी पेन उजेडात फिरवून पाहिला. "घासला तं लाकूड उघडं पडन," एवढंच बोलले, आणि त्या रेघांवरच पुन्हा गोंदाचे हात देत राहिले. पेन गुळगुळीत झाला. पण तिरपा धरला की आत त्या रेघा दिसत, पाण्याखालच्या वाळूवर दिसतात तशा.

मायने तो विहारात सगळ्या पेनांच्या मागे ठेवला. वाटपात तो माझ्याच वर्गातल्या वर्षाला मिळाला आणि माझ्या हाती एक निळा प्लास्टिकचा आला. मी फुगून बसले. मायचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. वर्षाने तिथेच पायरीवर बसून वहीवर आपलं नाव काढलं, आणि माय माझा खांदा घट्ट धरून कुजबुजली, "पाह्य... लिहून राह्यली!"

वर्षा पुढे लग्न होऊन दूर गेली. तो पेन कुठे असेल, कोण जाणे. मायबाबा दोघेही आता नाहीत. यवतमाळच्या माझ्या घरी, गॅलरीत, एक छोटा खराद आहे. पऱ्हाटी मी गावाहून मागवते. हवेत ओल राहावी म्हणून शेजारी ओलं फडकं टांगते. माझे पेन काचेसारखे चमकतात, कुठे डाग म्हणून नसतो. शेवटचा हात देऊन मी ते तारेवर उभे करते आणि उगाच दाराकडे बघत राहते... "वाळला का जी?" म्हणत घाईने बोट लावणारं आता घरात कुणी नाही.