मावशीचा फिरता शंकू

प्रत्येक गोष्टीला दोन बाजू असतात, हे माझ्या धाकट्या मावशीला कधीच पटलेलं नाही. किमान सहा बाजू, बारा कडा आणि आठ कोपरे तपासल्याशिवाय मत बनवणारा माणूस तिच्या लेखी आळशी. सांगलीच्या शाळेत जन्मभर भूमिती शिकवून ती निवृत्त झाली, म्हणजे पगार थांबला. शिकवणं थांबवायला सरकारकडे काही इलाज नव्हता. एका लग्नाच्या पंगतीत तिनं बुंदीचा लाडू बोटांत धरून शेजारच्या गृहस्थांना "याचं पृष्ठफळ सांगा बघू" असं विचारलं, तेव्हा ते ताट उचलून दुसऱ्या रांगेत जाऊन बसले.

काही वर्षांपूर्वी तिनं दहावीच्या मुलांसाठी वेबसाइट काढली. तीत शंकू, गोल, वृत्तचिती माउसनं धरून हव्या तशा फिरवता यायच्या. फक्त त्यासाठी ब्राउझरला प्लग-इन, म्हणजे वरून जोडायचा एक छोटा प्रोग्रॅम, बसवावा लागे. तो नसेल तिथं नुसता करडा चौकोन दिसे. म्हणून मावशी पर्समध्ये पेनड्राइव्ह घालून एसटीनं हिंडायची आणि लस टोचत फिरणाऱ्या नर्सच्या निष्ठेनं शाळाशाळांतल्या संगणकांत प्लग-इन घालायची. आष्ट्याच्या एका मुख्याध्यापकांनी "उद्या या" म्हटलं, तर ही पायरीवर बसली. म्हणाली, "उद्यापर्यंत थांबते." अर्ध्या तासात संगणकाच्या खोलीचं कुलूप उघडलं.

मी साताऱ्यात वेबसाइट बनवण्याचंच काम करतो, त्यामुळे तिला शहाणपण शिकवणं मला भाग होतं. म्हटलं, "मावशी, हे प्लग-इन आता बंद होत चाललेत. मोबाइलवर तर चालतच नाहीत. आकृती सांगलीत सर्व्हरवर, म्हणजे कायम चालू असलेल्या एका संगणकावर, तयार कर आणि नुसतं चित्र पाठव. कुठल्याही फोनवर दिसेल."

"आयतं चित्र? ते पुस्तकातही आहे. पोरांनी आकृती स्वतःच्या हातानं फिरवायला पाहिजे."

"बोट फिरवलं की सर्व्हर नवं चित्र पाठवेल."

"म्हणजे पोरगी माण तालुक्यात बोट फिरवणार, सांगलीत माझं यंत्र विचार करणार, मग चित्र पोचणार! तोवर तास संपतो."

शंका बरोबर होती. पण ते कबूल करायचा आमच्या धंद्यात रिवाज नाही.

मग दहिवडीजवळच्या एका शाळेनं तिला बोलावलं. मीच गाडीनं घेऊन गेलो. वर्ग भरलेला, मागं पालक उभे. मावशीनं संगणक लावला आणि पडद्यावर करडा चौकोन आला. ब्राउझर परस्पर नवा झाला होता. त्यानं प्लग-इन टाकून दिलं होतं.

"आवं बाई, कायबी न्हाई दिसत," मागून एक पालक म्हणाले.

तिनं संगणक दोनदा बंद-चालू केला. मला आनंद होत होता, हे सांगायला आज लाज वाटते. मग ती तडक शाळेच्या खिचडीच्या खोलीत गेली आणि गाजर, सुरी घेऊन आली. "हा शंकू. टोक आडवं कापलं. उरला तो शंकूछेद. फिरवून बघा आणि पुढं द्या." शेवटच्या बाकापर्यंत पोचेस्तोवर शंकूछेदाचं घनफळ निम्मं झालं होतं, पण वर्गाला तो कळला होता.

परतताना विट्यापर्यंत ती पर्समधला पेनड्राइव्ह उलटसुलट करत होती. मग म्हणाली, "एका पोरीनं विचारलं, 'बाई, आमच्या आईच्या फोनवर दिसंल का वो?' मी व्हय म्हणून बसले. आता दिसायला पाहिजे. तुझा तो सर्व्हर लाव."

लावला. चित्र जरा रेंगाळत जातं, पण जातं. कुणी आकृती फिरवली की मावशीच्या पडद्यावर त्याची नोंद म्हणून एक ओळ उमटते आणि ती त्या ओळी वाचत बसते. परवा तिचा फोन आला. "अरे, कुणीतरी सकाळपासून एकच वृत्तचिती फिरवतंय. काहीतरी अडलंय त्याचं."

"मग?"

"मग काय! चित्र जातंय. कुठं अडलं, ते विचारता येत नाही रे."

फोन तिनं ठेवला नाही, पडद्यावर नवी ओळ आली की ती मला वाचून दाखवत राहिली.