कोरे रकाने

बावीस वर्षं नदीकाठी पाणमांजरं मोजणाऱ्या मावशीला संगणकवाल्याने पडद्यावरची चढती रेघ कौतुकाने दाखवली. दहा वर्षांत पाणमांजरं दुप्पट होणार म्हणे! मावशीच्या कपाळाला आठ्या पडल्या. खालच्या वळणावर तर तीन वर्षांत एकही दिसलं नव्हतं.

"तुमच्या वहीत तिथले रकाने कोरे होते," तो म्हणाला. "तुम्ही गेलाच नाहीत असं धरून आम्ही सरासरी भरली."

मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "गुडघाभर चिखलात मी काय हवा खायला जात होते? काहीच नव्हतं, म्हणून कोरं सोडलं!"

"पण अहवाल वर गेलाय, मावशी."

तिने वही ओढली आणि कागद फाटेस्तोवर दाबून प्रत्येक कोऱ्या रकान्यात शून्य काढलं.

"घे. आता या शून्यांना पिल्लं कशी होतात, ते तुझ्या संगणकाला विचार!"