नवोदित गटातला बॅकहँड

"सर, पुढची मॅच माझी हाय तिच्यासंगं. ती नवोदित न्हाई, एवढं सांगून ठेवते," महानंदाअक्का माझ्या टेबलापुढं उभ्या राहून म्हणाल्या.

मी बॅडमिंटनचा रेफ्री. पॉइंट मोजणारा अंपायर वेगळा. कोण कोणत्या गटात खेळणार, हे माझ्याकडं. भालकीच्या त्या स्पर्धेत बायकांचे दोन गट होते. मुरलेल्यांसाठी ओपन, नुकत्याच शिकलेल्यांसाठी नवोदित. तक्रार कविताबद्दल होती. लग्न होऊन बीदरहून भालकीला आलेली. प्रत्येक गेम जेमतेम जिंकायची, आणि घाम मात्र समोरचीलाच यायचा.

चांगल्या खेळाडूनं मुद्दाम खालच्या गटात उतरायचं, याला सँडबॅगिंग म्हणतात. पण नुसत्या संशयावर कुणाला काढता येत नाही. मी कोर्टाशेजारी खुर्ची टाकून बसलो.

कविता सोपी शटल नेटमध्ये घालत होती. मग अक्कांनी एक शटल तिच्या डोक्यावरून पार मागं टाकलं. नेटकडं पाठ असतानाच तिनं ते बॅकहँडनं, म्हणजे उलट्या हातानं, थेट पलीकडच्या शेवटच्या रेषेवर पोचवलं. हा फटका जमायला वर्षं जातात. मारल्याबरोबर तिनं माझ्याकडं पाहिलं. मॅच तीच जिंकली, पण मान खाली घालून.

बाजूला घेऊन विचारलं तर तिनं काही लपवलं नाही. कॉलेजात असताना ती युनिव्हर्सिटीच्या टीममध्ये होती. मूल झाल्यापासून रॅकेट हातात नव्हती.

"मग ओपनमध्ये कामून न्हाई उतरलीस?"

"सासूबाई पहिल्यांदाच बघायला आल्यात, सर. पहिल्याच मॅचला हरले, तर ह्यासाठी लेकराला सोडून जायलीस व्हय, म्हणतील."

नियमानं ती बादच होती. पण ओपनमध्ये उदगीरची एक खेळाडू न आल्यानं जागा रिकामी होती. मी आयोजक अप्पांकडं गेलो. कापडाचे व्यापारी, स्पर्धा त्यांच्याच जिवावर चालायची. अप्पांनी सगळं शांतपणे ऐकलं. निर्णय तुमचा, मी तुमच्या पाठीशी आहे, म्हणाले. फक्त आधी अक्कांना विचारा, हरल्यात त्या.

कविता बाद झाली की अक्कांना नवोदित गटातली त्यांची जागा परत मिळणार होती. तरी कविताला घरी पाठवा म्हणाल्या असत्या, तर मला नाही म्हणता आलं नसतं.

"खेळू द्या तिला वर," त्या म्हणाल्या. "मला तो बॅकहँड शिकायचाय तिच्याकडून."

कविता ओपनची पहिलीच मॅच हरली. पण तिसऱ्या गेमपर्यंत लढली, आणि या खेपेला तिलाही घाम फुटला होता. त्यानंतर तिच्या सासूबाई माझ्या टेबलाकडं आल्या. मी बोलणी खायच्या तयारीत बसलो.

"इथं सराव कवा असतो, सर?" त्यांनी विचारलं. "लेकराला मी सांभाळते."

अप्पांचे आणि अक्कांचे मी त्याच दिवशी आभार मानले, आजही मानतो. आता गट ठरवताना किती दिवसांपासून खेळता, असं मी विचारत नाही. हातात रॅकेट देतो आणि पाच मिनिटं खेळायला लावतो.